मूळचे कुठले?

दोन अनोळखी मराठी माणसे आपल्या वडोदऱ्यात एखाद्या लग्नकार्यात शेजारी शेजारी जेवायला बसली की जिलबीचा दुसरा वाढा येण्यापूर्वी एक प्रश्न हटकून निघतो : "तुम्ही मूळचे कुठले?" उत्तर देणारा वाई सांगतो, चिपळूण सांगतो, पैठणकडचे एखादे खेडे सांगतो. त्या गावी त्याच्या घराण्यातील कोणी पाच पिढ्यांत राहिलेले नसते. घराचे जोतेसुद्धा आता दाखवता यायचे नाही. तरी उत्तर असे खणखणीत येते की वाटावे, गृहस्थ परवाच्याच गाडीने तेथून येऊन उतरले आहेत. मग कुलदैवताची चौकशी होते, आडनावावरून कोठे नाते लागते काय ते पाहिले जाते, आणि शेवटी "म्हणजे दांडिया बाजारातल्या त्या पडक्या वाड्याचे ते तुम्हीच का?" या ठिकाणी ओळख पक्की होते.

मला हा प्रश्न आवडतो. त्यात उगाच चांभारचौकशी आहे असे माझ्या मुलाला वाटते. मला तसे वाटत नाही. परंतु एक गोष्ट अलीकडे खटकू लागली आहे. मूळचे कुठले हे आपण अगत्याने विचारतो. त्या मुळातले आज घरात काय उरले आहे, हे मात्र कोणी कोणाला विचारीत नाही. विचारले तर पंगतीत बेरंग होईल, हे दोघांनाही ठाऊक असते.

हे सारे सुचण्याचे कारण सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका गणेशोत्सव मंडळाची बैठक झाली. एका तरुण सभासदाने सूचना मांडली की यंदा आरत्यांची पुस्तिका देवनागरीबरोबर गुजराती लिपीतही छापावी. आरतीला उभ्या राहणाऱ्या मुलांपैकी बरीच देवनागरी अडखळत वाचतात, आणि मंडळातील कित्येक घरांत सुना गुजराती माहेरच्या आहेत. त्यांनाही म्हणावेसे वाटते. नुसत्या टाळ्या वाजवीत उभ्या राहतात. सूचना साधी होती, मांडणाऱ्याचा सूरही नम्र होता. पण तिच्यावर असे वादळ उठले की चहा निवून गेला. एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, मग मंडळच बंद करा. दुसऱ्यांनी वर्गणी न देण्याची घोषणा केली. तिसऱ्यांनी श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव घेतले, आणि ते नाव एकदा निघाले की आपल्याकडे पुढे कोणाला काही बोलता येत नाही. निर्णय पुढील बैठकीवर गेला.

माझे मत पुस्तिका गुजराती लिपीतही छापावी असे आहे. ते का, हे सांगण्यासाठी मला थोडे दूर जावे लागेल, कारण ते मत वडोदऱ्यात बनलेले नाही.

२०२३ साली माझा मुलगा नोकरीनिमित्त मॉरिशसमध्ये असल्यामुळे आमचे बिऱ्हाड दहा महिने त्या बेटावर होते. राहण्याचे ठिकाण क्यूरपीप. हे गाव उंच पठारावर असून तेथे वर्षाचे बारा महिने पाऊस कोणत्याही क्षणी हजर होतो. सप्टेंबरातील एका सकाळी पत्नी भारतातून परत यायची होती म्हणून विमानतळावर जाण्यास टॅक्सी केली. तेथे टॅक्सीच्या दारावर तिचा अड्डा कोणत्या गावचा हे लिहिलेले असते आणि भाडे बहुधा बसण्यापूर्वी ठरवून घ्यावे लागते. ते ठरवीत असता माझ्या बोलण्याच्या धाटणीवरून चालकाने विचारले, "बाँबे?" मी म्हटले, नाही, गुजरातमधून, बडोदा. "म्हणजे गुजराती. पोर्ट लुईला गुजरात्यांची कापडाची दुकाने आहेत." मी म्हटले, गुजराती नव्हे, गुजरातमध्ये राहणारे मराठी.

गाडी सुरू केली होती ती त्याने पुन्हा थांबवली. मागे वळून, छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "मो मराठी."

ही क्रिओल भाषा. 'मो' म्हणजे मी. फ्रेंच मळेवाल्यांचे गुलाम आणि त्यांचे मालक यांच्यामधून ती जन्मली आणि आज त्या बेटावरील बहुतेकांची घरची बोली तीच आहे. सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये आणि भांडणे, विनोद, प्रेम सारे क्रिओलमध्ये. तिच्यात 'आहे' हे क्रियापदही लागत नाही. 'मो मराठी' आणि 'मी मराठी' यांच्यात अवघ्या एका स्वराचा फरक. पण त्या फरकातून दीडशेहून अधिक वर्षे आणि एक समुद्र गेलेला आहे.

माणूस चाळिशीचा, रंगाने सावळा, हसतमुख. पुढच्या काचेपाशी मूठभर आकाराचा गणपती. त्याचे इंग्रजी, चित्रपटांतून उचललेले त्याचे हिंदी आणि माझी दोन्हींची मोडतोड अशा मिश्रणात आम्ही तासभर बोललो. विमान उशिरा होते, म्हणून पुढे विमानतळाबाहेर डाळपुरी खात आणखी तासभर. डाळपुरी हे तेथले रस्त्यावरचे खाणे. आपल्या पुरणपोळीचा गूळ काढून घेतला आणि तिला चटणी-रश्शाच्या संगतीला दिले तर जे होईल ते.

वाटेत दोन्ही बाजूंना ऊस होता. तोडणीचे दिवस होते. उसाच्या शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. ज्वालामुखीतून वर आलेल्या त्या जमिनीतून हे धोंडे हातांनी उपसून काढले तेव्हा ऊस उभा राहिला. त्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ढिगाकडे दाखवले व म्हटले, "आमचे वाडे." मी त्याला आमच्या पडक्या वाड्याविषयी काहीच सांगितलेले नव्हते. मला क्षणभर उत्तर सुचले नाही.

या बेटाचा इतिहास आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगितला पाहिजे. इंग्रजांनी हे बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून घेतले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे गुलामगिरी संपली. पण ऊस संपला नव्हता. म्हणून २ नोव्हेंबर १८३४ रोजीच 'ॲटलस' नावाच्या जहाजातून छत्तीस हिंदी मजूर करारावर उतरवले गेले आणि तेथून पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे त्या मार्गाने आली. पोर्ट लुईच्या बंदरात ते ज्या पायऱ्या चढले ती जागा आज आप्रवासी घाट म्हणून जतन केली आहे; २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतले. बहुसंख्य लोक कलकत्त्याहून गेलेले, भोजपुरी बोलणारे. मद्रासेहून तमिळ आणि तेलुगू गेले. मुंबई बंदरातून जे गेले त्यांत आपली कोकणपट्टी आणि सातारा-कोल्हापूरकडचे लोक होते. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा रोज कापण्याची तेथे कायदेशीर रीत होती. एवढ्यावरून त्या कराराची कल्पना यावी.

येथे एक वडोदऱ्याचे नाव नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. मणिलाल डॉक्टर या बॅरिस्टरांचा जन्म १८८१ चा, आपल्याच शहरातला. गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना मॉरिशसला थांबले होते. पुढे १९०७ मध्ये मणिलाल तेथे गेले, मजुरांची वकिली केली आणि १९०९ मध्ये 'हिंदुस्थानी' हे पत्र काढले, प्रथम इंग्रजी-गुजरातीत व नंतर हिंदीत. मॉरिशसमध्ये शाळकरी पोरालाही त्यांचे नाव ठाऊक असते. माझ्या चालकालाही होते. "ते तुमच्या गावचे?" असे त्याने विचारले तेव्हा मला अभिमान वाटला. पण मनात आले, मांडवीत उभे राहून दहा जणांना हे नाव विचारले तर किती जण सांगतील?

असो. मजूर उतरला की त्याला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जहाज, असे सारे वहीत लिहिले जाई. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि वंशजांना त्यांतून उतारा मिळतो. आमच्या चालकाने तो काढून घेतला होता आणि त्याचे छायाचित्र फोनमध्ये ठेवले होते. खापरपणजोबांचा क्रमांक त्याला तोंडपाठ होता. सहा आकडे त्याने मला गाडीचा नंबर सांगावा तसे सांगितले. आडनाव मात्र नव्हते. कारकुनाने विचारले नसावे, किंवा विचारून सोडून दिले असावे. म्हाताऱ्याचे नुसते नावच, फ्रेंच वळणाने लिहिलेले, पुढे घराण्याचे आडनाव होऊन बसले. त्या बेटावर हे कितीतरी घरांत घडले आहे. गावाच्या रकान्यात शाई पसरलेली; जिल्हा रत्नागिरी एवढेच वाचता येते. त्याला वाटे की रत्नागिरी म्हणजे एक गाव, आणि मुंबईहून तेथे गेले की कोणीतरी ओळखेल. मी त्याला सांगितले की त्या काळची रत्नागिरी म्हणजे आजचे दोन जिल्हे. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे शोधायला जागा वाढली."

मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड देण्याचे जाहीर केले, तेव्हा मला त्या पसरलेल्या शाईची आठवण झाली.

आता मुद्द्याकडे येतो. मला त्याच्याकडून तीन गोष्टी कळल्या आणि मी आजतागायत त्यांचा विचार करीत आहे.

त्याला मराठी येत नाही. बापालाही येत नव्हते. आजीला येत होते, आणि आजीचे जे शब्द त्याच्याकडे राहिले आहेत ते असे : "गप बस", "जेव", "इकडं ये", "पाय धू" आणि "मेल्या". यातल्या शेवटच्या शब्दाचा अर्थ त्याच्या समजुतीने 'लाडक्या' असा होता. आजी तो शब्द फक्त त्यालाच उद्देशून म्हणे, असे त्याने कौतुकाने सांगितले. मी कोशातला अर्थ काही सांगितला नाही. कोकणातल्या म्हाताऱ्या हा शब्द कोणाला आणि कोणत्या सुरात म्हणतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पटेल की अर्थ त्यालाच बरोबर कळला होता.

त्याला आरती येत होती. गणपतीची आरती त्याने मला गाडी चालवता चालवता पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. 'र' फ्रेंच घशातून येत होता, चाल आपल्यापेक्षा संथ होती, पण एक अक्षर गळले नाही. लिहून घेतली आहे ती रोमन लिपीत, आजीच्या वेळेपासूनच्या एका वहीत. अर्थ ठाऊक नाही. गणेशचतुर्थीची त्या देशात सरकारी सुट्टी असते; मौज अशी की ती चतुर्थीला नसून दुसऱ्या दिवशी असते. २०२३ मध्ये चतुर्थी मंगळवारी १९ सप्टेंबरला होती, सुट्टी बुधवारी २० ला. कारण दुसऱ्या दिवशी विसर्जन. कोकणातला दीड दिवसाचा गणपती एका परक्या देशाच्या सरकारी पंचांगात जाऊन बसला आहे, आणि ज्या वंशामुळे तो तेथे बसला त्यातल्या पुष्कळांना 'दीड' हा शब्द ठाऊक नाही. त्या रात्री घरोघर 'झाकरी' म्हणतात, फेर धरून नाचतात. ही आपल्या रत्नागिरीकडची जाखडी. मी नंतर एका घरी जाऊन पाहिली. तरुण पोरे घामाघूम होऊन म्हणत होती. शब्द मराठी होते, ते मलाच तेवढे कळत होते, आणि आनंद मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त होत होता.

तिसरी गोष्ट. त्याची नऊ वर्षांची मुलगी शाळेत मराठी शिकत होती. तेथे प्राथमिक शाळांतून पूर्वजांच्या भाषा ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी. मराठीचे शिक्षक मोकाच्याच संस्थेत तयार होतात. हे आपोआप झालेले नाही. उसाच्या मळ्यांतून बाहेर पडलेल्या लोकांनी मंडळ्या काढल्या, वर्गण्या जमवल्या, देवळे बांधली आणि मग सरकारच्या दारात जाऊन आमच्या भाषेला शाळेत तास द्या, नभोवाणीवर वेळ द्या, अशी मागणी केली. मुलीने बापाला एकदा दुरुस्त केले होते, "बाबा, 'आजी' म्हणजे माझीही होऊ शकते, ती एकटी तुझी नव्हे." त्याला आजवर वाटे की 'आजी' हे त्याच्या आजीचे नाव होते.

मग त्याने मला विचारले, तुमची मुलेही शाळेत शिकतात ना? तुम्ही तर मराठी देशाच्या शेजारीच राहता.

त्याला मी काय सांगितले हे महत्त्वाचे नाही. आपण काय सांगणार, हा प्रश्न आहे. आपण वडोदऱ्यात कधी आलो? पिलाजीरावांच्या मागून, १७२० नंतरच्या धामधुमीत. शहर गायकवाडांकडे कायमचे आले १७३४ मध्ये. कोणी शिलेदार म्हणून आले, कोणी फडणिशीत, कोणी नुसतेच आचारी म्हणून आलेल्याचे पणतू आज स्वतःस सरदारघराण्यातले म्हणवतात. आपल्याला क्रमांक मिळाला नाही, सनद मिळाली. आडनाव गेले नाही. उलट आडनावाला 'कर' नव्हता तेथे तो लावून घेतला. भाषेची काळजी करावी लागली नाही, कारण ती करणारे कोणीतरी राजवाड्यात होते. श्रीसयाजी साहित्यमालेतून पुस्तके निघत. मराठी साहित्य संमेलन १९०९ मध्ये येथे भरले, १९२१ मध्ये न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली भरले, १९३४ मध्ये भरले. १९३२ च्या कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष तर खुद्द महाराज होते. आणि २०१८ मध्ये पुन्हा वडोदऱ्यास संमेलन झाले तेव्हा आपण सर्वांनी फेटे बांधले होते.

राजाश्रयाचे उपकार मी नाकारीत नाही. पण त्याने आपल्याला एक सवय लावली. भाषा ही कोणीतरी चालवायची असते आणि आपण तिच्यात फक्त जेवायला बसायचे असते, अशी ती सवय. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० रोजी आपण गुजरातेत आलो. त्यानंतर तीन पिढ्या आपण जुन्या शिध्यावर काढल्या. माझ्याच नात्यात, चुलत-मावस मिळून, पंधरा वर्षांखालील अकरा मुले वडोदऱ्यात आहेत. त्यांतली दोन मराठी पुस्तक आपण होऊन वाचतात. सात जणांना बोललेले कळते, उत्तर ती गुजरातीत किंवा इंग्रजीत देतात. उरलेल्या दोघांना आजीने 'गप बस' म्हटले तर कळते. म्हणजे मॉरिशसला जे घडायला शंभर वर्षे लागली, त्यातले पुष्कळ आपण महाराष्ट्राच्या सीमेपासून एका रात्रीच्या प्रवासावर बसून उरकले आहे.

येथे कोणी म्हणेल की गुजरातीने आपल्याला गिळले. हे मला मुळीच मान्य नाही. राज्यकारभाराची भाषा गुजराती असावी हे सयाजीरावांनीच ठरवले. १९३१ मध्ये त्यांनी 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला तो आठ भाषांतील राजव्यवहाराच्या शब्दांचा, कारण प्रजेला तिच्या भाषेत राज्य कळावे ही त्यांची दृष्टी होती. त्यामुळे कोणाच्या घरातील मराठी मेली नाही. आमच्या लहानपणी आम्ही 'बारी बंद कर' म्हणत असू, अगाशीवर पतंग चगवीत असू, आणि पुण्याचे पाहुणे हसत. हसोत बापडे. ती मराठी होती, आणि ती दिवसभर चालत होती. दूधवाल्याशी गुजरातीत बोलून वळले की आईशी मराठीत. क्रिओलचेही तसेच. चालक आपल्या क्रिओलची लाज बाळगीत नव्हता आणि मराठीच्या नावाने तिला शिव्याही देत नव्हता. शेजारची भाषा हा भाषेचा शत्रू नव्हे. घरातली भाषा घरात बोलण्याचा कंटाळा हा शत्रू आहे, आणि त्याच्याविरुद्ध ठराव करता येत नाही, म्हणून आपण लिपीविरुद्ध ठराव करतो.

आता लिपी. मंडळातील ज्येष्ठांची भीती मला समजते : आज आरती गुजराती लिपीत, उद्या भाषाच गुजराती. परंतु आपलाच इतिहास याला साक्ष देत नाही. आपल्या पणजोबांनी देवनागरीत किती लिहिले? पत्रे, हिशेब, सनदा, भाऊबंदकीचे अर्ज, सारे मोडीत. आमच्या घरी अशा कागदांची एक पेटी आहे. ती वाचणारा आज घरात एकही नाही. म्हणजे आपली एक लिपी या दोन-तीन पिढ्यांत अस्तास गेली. भाषा तिच्याबरोबर गेली नाही. तंजावरकडे पाहा. व्यंकोजीराजांच्या मागे गेलेली कुटुंबे सतराव्या शतकापासून तमिळ मुलखात आहेत. त्यांतल्या अनेकांना देवनागरी येत नाही, टिपण करायचे तर तमिळ अक्षरांत करतात, आणि घरी बोलतात मराठी. आपल्याला ती ऐकून गंमत वाटते, क्रियापदे जुनी वाटतात. पण सासू सुनेला त्याच भाषेत टोचून बोलते. भाषा जिवंत असल्याची याहून पक्की खूण मला ठाऊक नाही.

उलट मॉरिशसचे पाहा. तेथे वहीतली आरती रोमन लिपीत उतरली नसती तर तीही गेली असती. रोमन लिपीने भाषा मारली नाही. ती अगोदरच स्वयंपाकघरातून गेली होती. रोमन लिपीने जे शेवटचे उरले ते धरून ठेवले, आणि त्याला धरून आज एक नऊ वर्षांची मुलगी परत वर चढते आहे. ती किती वर चढेल, मी सांगू शकत नाही. शाळेतला तास आणि घरातली बोली यांत फार अंतर असते. मुलगी घरी मराठी कोणाशी बोलणार? बापाशी 'मेल्या' एवढेच बोलता येईल. म्हणून त्या लोकांचा आदर्श घ्या असे मी म्हणत नाही. त्यांच्या हाती जे राहिले ते देवापुढचे राहिले, सणाचे राहिले. बाजारहाट, हिशेब, थट्टा, नवरा-बायकोची बाचाबाची यांतून भाषा अगोदर गेली आणि देव्हाऱ्यातून सर्वांत शेवटी. आपण मात्र देव्हाऱ्याच्या दाराशी पहारा ठेवला आहे आणि बाकीचे घर उघडे टाकले आहे.

त्या दिवशीच्या आमच्या बैठकीचेच उदाहरण घ्या. पुस्तिकेच्या लिपीवर सव्वा तास वाद झाला. त्यापूर्वी गतवर्षीचा हिशेब वाचला गेला तो गुजरातीत, कारण मांडववाल्याची आणि वीजवाल्याची बिले गुजरातीत होती आणि खजिनदारांना तसे सोपे पडते. मुलांच्या स्पर्धांची कार्यक्रमपत्रिका इंग्रजीत होती. निमंत्रण फोनवर आले ते निम्मे हिंदीत. यावर एकाही ज्येष्ठाने हरकत घेतली नाही. आणि वादाच्या भरात, आरतीची लिपी बाटू नये असे ज्यांनी सर्वांत मोठ्याने सांगितले, त्यांनी मध्येच नातवाला बाहेर पाणी प्यायला पाठवले ते "जा बेटा, पाणी पी आव" असे म्हणून.

पुढील बैठक श्रावणातल्या पहिल्या रविवारी आहे. मी दोन सूचना लेखी दिल्या आहेत. पुस्तिका दोन्ही लिपींत छापावी, आणि डाव्या पानावर प्रत्येक आरतीचा अर्थ सोप्या मराठीत द्यावा. तो लिहून देण्याचे काम मी पत्करतो. आणि मंडळाचा हिशेब, मांडववाल्याच्या बिलासकट, मराठीत वाचावा. पहिली सूचना बहुधा मंजूर होईल. दुसरीला खजिनदारांचा विरोध आहे. त्यांचे म्हणणे असे की रकमा मराठीत वाचताना 'सत्तावन्न' आणि 'सदुसष्ट' यांत त्यांची गफलत होते. त्यांच्या शेजारी बसून आकडे सांगायला मी आमच्या त्या अकरा मुलांपैकी एकीला तयार केले आहे. तिचे पाढे पक्के आहेत.